वजनकाट्यावरून उतरा, कमरेला टेप लावा

वजनाबद्दल प्रश्न मागवले, तर बहुतेकांनी पहिल्याच ओळीत किलो कळवले. कंबर किती, हे एकानंही लिहिलं नाही. त्यामुळे आज सुरुवात टेपपासूनच.

प्रश्न : वय ३९, गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात. पंचविशीपर्यंत तालमीत होतो, तेव्हा वजन ८८ किलो. आज ९० आहे. पँटही ३६ चीच लागते. तरी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली आणि डॉक्टर म्हणाले, डायबेटिसच्या काठावर आहात. असं कसं?

पैलवान, किलो तेवढेच राहिले, माल बदलला. जेवल्यावर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात. तुमच्या त्या ८८ किलोंत मांड्या, पाठ, खांदे यांचा वाटा मोठा होता. जोर-बैठका सुटल्या, लाल मातीतली मेहनत सुटली, की स्नायू आटत जातात आणि चरबी साठू लागते. तीही पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात. ही चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. काट्याला त्यातलं काही कळत नाही.

पँटच्या नंबरावर तर अजिबात जाऊ नका. पोट सुटलं की पट्टा पोटाखालून जातो आणि ३६ ची ३६ च राहते. शिंप्याकडे असते तसली टेप घ्या, शर्ट वर करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही (पैलवान हमखास ओढतात). आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आसपास, आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

जुन्या मल्लांचं एक ठरलेलं असतं : मेहनत सुटते, खुराक सुटत नाही. तूप तसंच, बदामाची थंडाई तशीच, वर रात्री गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास. शेकड्यांनी बैठका मारणाऱ्याला ते जिरत होतं, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला कसं जिरणार? थंडाई बंद करा. तूप चमचाभर. मटण आठवड्यातून एकदा, तेही तांबड्या रश्श्यावरचा तवंग बाजूला सारून. अंडी, डाळ, ताक मात्र राहू द्या, स्नायूंना प्रथिनं लागतातच. बैठका पुन्हा सुरू करा, पण आधी बीपी तपासा आणि पंधरा-पंधराच्या दोन फेऱ्यांवर थांबा. जुने आकडे आठवून पहिल्याच आठवड्यात गुडघे धरून बसलेले बरेच बघितलेत. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : मी बारीक आहे. वय ३४, राजारामपुरीत बसून काम. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) २२. तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर (यकृतात चरबी) निघालं, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइडही वाढलेत.

आपल्या लोकांत हे फार दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के! भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली, ती याच कारणानं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे असेल, तर २२ हा आकडाही भरवशाचा नाही.

तुम्हाला उपासाची गरज नाही. ताटातला भात निम्मा करून उसळ वाढवा. चहातली साखर आणि सोबतची खारी-बिस्किटं बंद करा. दारू घेत असाल तर तीही. आठवड्यातून दोनदा स्नायूंवर ताण येईल असा व्यायाम हवा, नुसतं फिरून भागणार नाही.

प्रश्न : दोन महिने साखर सोडून गूळच वापरते आहे. वजन का उतरत नाही? (गृहिणी, कसबा बावडा)

कारण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. कॅलरी जवळपास तेवढ्याच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चवीला तोड नाही, पण पोटाला ते कळत नाही. चहात गूळ आहे म्हणून एकाचे दोन कप तर होत नाहीत ना, तेवढं बघा.

प्रश्न : सहा महिने रोज सकाळी अर्धा तास रंकाळ्यावर चालतो. एक किलोही कमी नाही. सोडून देऊ का? (निवृत्त शिक्षक, वय ६२)

सर, अजिबात सोडू नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या काठावरच्या भारतीयांचा तीन वर्षं पाठपुरावा करून २००६ साली निष्कर्ष छापले. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला होता, आणि वजन जवळजवळ हललं नव्हतं. तुमच्या चालण्याचा हिशेब साखर, बीपी आणि झोपेवर लावा.

वजनाचंच म्हणाल, तर अर्ध्या तासाच्या चालण्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. एक मोठा चमचा तेल तेवढ्याच देतं. फेरी संपल्यावर मित्रमंडळी मिसळीला बसत असतील, तर कटासकट हिशेब तुम्हीच करा. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग ठेवा.

प्रश्न : वजन उतरवायचं इंजेक्शन घ्यावं का? मैत्रिणीचं बरंच उतरलं.

लठ्ठपणा आणि त्यासोबत शुगर-बीपी असेल तर ते चांगलं औषध आहे. लग्नसराईआधी चार किलो कमी करायला नाही. अशा इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. शिवाय वजनाबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि व्यायाम सुटता कामा नये. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मैत्रिणीचा डोस बघून दुकानातून परस्पर आणू नका. इंजेक्शन सुरू असताना पोटात जोराची कळ येऊन ती पाठीकडे गेली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.