बार्शीहून एमएसाठी पुण्याला येतेय. विद्यापीठाचा मराठी विभाग घेऊ की डेक्कन कॉलेजचं भाषाशास्त्र?

तुम्ही लिहिलंय की बीए मराठी झालंय आणि पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागात प्रवेश होऊ शकतो. पण कुणीतरी डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्राबद्दल सांगितल्यापासून मन तिकडे ओढतंय. घरचे म्हणतायत, एवढं मोठं विद्यापीठ सोडून त्या चिमुकल्या ठिकाणी कशाला? आणि ते डीम्ड आहे, म्हणजे डोनेशन मागणार. शिवाय नोकरीचं काय?

मी त्याच चिमुकल्या ठिकाणी भाषाशास्त्रात एमए केलंय. तेव्हा माझा तराजू जरा तिकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

आधी डीम्डचं भूत उतरवू. आपल्याकडे मेडिकल कॉलेजांमुळे डीम्ड म्हटलं की लोकांना लाखांची फी दिसते. मराठीत त्याला अभिमत विद्यापीठ म्हणतात. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या कायद्याच्या कलम ३ खाली एखाद्या संस्थेला स्वतःची पदवी द्यायचा अधिकार मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. पैसा कुणाचा, हा प्रश्न वेगळा. डेक्कन कॉलेजला हा दर्जा १९९० साली मिळाला आणि संस्था चालते सरकारी अनुदानावर. फी दर वर्षीच्या माहितीपत्रकात छापलेली असते, ते पान वडिलांना दाखवा. आणि पदवी नोकरीला, नेटला (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडीला इतर विद्यापीठांच्या पदवीइतकीच चालते.

दुसरा घोळ नावातल्या ‘कॉलेज’चा. माझ्या मामांनी विचारलं होतं, बीए कॉलेजात झालं, आता एमएपण कॉलेजातच का? नाव जुनं आहे म्हणून. १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरुवात झाली. टिळक-आगरकर शिकले ते हेच डेक्कन कॉलेज. १९३४ साली सरकारने ते बंद केलं, माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ साली ते पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत आणि कोशशास्त्र, एवढाच संसार. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया इथलेच.

तिसरा घोळ आमच्या घरी प्रत्यक्ष झाला. उदगीरहून एसटीने मी आणि अण्णा सकाळी स्वारगेटला उतरलो. रिक्षावाल्याला अण्णा म्हणाले, डेक्कनला चला. त्याने गरवारे पुलाजवळ सोडलं. अर्धा तास आम्ही डेक्कन जिमखान्यावर ज्याला त्याला डेक्कन कॉलेज विचारत हिंडलो. कुणी बीएमसीसीकडे बोट दाखवलं, कुणी फर्ग्युसनकडे. शेवटी एका पेपरवाल्याने सांगितलं, ते इथं नाही हो, येरवड्याला. म्हणजे नदीपलीकडे, सात-आठ किलोमीटर. येरवडा म्हटल्यावर अण्णांना फक्त जेल आठवलं. ते तोंड मी अजून विसरलेलो नाही.

आता मोठं-छोटं. माझ्या मते तुमचा खरा पेच तो नाहीच. तुम्ही दोन वेगळे विषय समोर ठेवलेत आणि तोलताय मात्र दोन इमारती. मराठीच्या एमएला तुम्ही साहित्य वाचाल: कविता, कादंबरी, समीक्षा, संतसाहित्य, आणि एखाद-दुसरा पेपर भाषेचा. भाषाशास्त्रात कविता आलीच तर तिच्यातली क्रियापदं मोजायला येईल. ज्यांना वाचायला आवडतं म्हणून बीएला मराठी घेतलं, त्यांचा तिथे पहिल्याच सेमिस्टरला हिरमोड होतो. आमच्या बॅचला अकरा जण होतो, त्यातले दोघे दिवाळीनंतर परत आलेच नाहीत.

विषय कसला असतो ते एका तासावरून सांगतो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर ‘जग’ लिहिलं आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. म्हणाल्या, आता ‘शंभर वर्षं जग’ असा आशीर्वाद दे. दिला. मग म्हणाल्या, दोन्ही वेळा जीभ कुठे टेकली? दुनिया या अर्थाच्या जगात जीभ टाळूला मागे टेकते, आशीर्वादातल्या जगात ती दातांपाशी येते. लिपीत अक्षर एकच, तोंडात दोन. तसंच चार आणि चारा. वीस वर्षं मी हे दोन्ही आवाज बिनचूक काढत होतो आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मी खोलीवर जाऊन आरशासमोर तोंड उघडून बसलो होतो, रूममेटला वाटलं दाढ दुखतेय. तुम्ही आत्ता हे वाचताना जीभ हलवून बघितलीत का? बघितली असेल तर या विषयाचं तुमचं जमेल.

आणखी एक. पुण्यात आल्यावर माझ्या ‘काय करायलास’वर मेसमध्ये पोरं हसायची. मी महिनाभर जीभ आवळून ‘काय करतोयस’ म्हणायला शिकलो. विभागात मात्र एका सरांनी माझं बोलणं मध्येच थांबवून वही काढली आणि विचारलं, तुमच्याकडे बाईमाणसाला काय म्हणतात, करायलीस का? आणि काल करत होता, याला? पाऊण तास चाललं. माझी आई घरात जे बोलते त्याला व्याकरण आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. राज्य मराठी विकास संस्थेबरोबर डेक्कन कॉलेजने गावोगावी जाऊन मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, ध्वनिमुद्रणांसकट ते संकेतस्थळावर खुलं आहे. प्रवेशाआधी दोन संध्याकाळी त्याच्यावर घालवा. फुकटात विषयाची चव कळेल.

आता छोट्या विभागाचं. इथे मी पोळलेलो आहे. पुण्याला यायच्या आधी मी घराजवळच्या एका कॉलेजात एमएला एक वर्ष घालवलं. नाव सांगत नाही. विभागात कायम प्राध्यापक एकच, तेही त्या जूनमध्ये निवृत्त झाले. बाकी सगळे तासिका तत्त्वावर, सीएचबी. त्यांच्या ऑर्डरी निघेपर्यंत दिवाळी आली. त्या लोकांचा दोष नाही. तासावर पैसे, तेही सहा-सहा महिने थकलेले, असं कुणालाही शिकवणं अवघडच. पण जुलै ते ऑक्टोबर आम्ही झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवर काढले. पास झालो. काय शिकलो विचाराल तर सांगता येत नाही.

म्हणून छोट्या ठिकाणी, मग ते पुण्यात असो की गडचिरोलीत, विभागात जाऊन विचारायचं: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, येत्या दोन वर्षांत कोण निवृत्त होतंय. ऑफिसमधले क्लार्क हे विभागप्रमुखांपेक्षा मोकळेपणाने सांगतात. मोठ्या विभागात एक माणूस गेला तर पेपर दुसरा कुणी घेतो. तीन-चार माणसांच्या विभागात एक गेला की अख्खी शाखाच जाते. ऐच्छिक पेपर कागदावर दहा असतात, चालतात दोन. मागच्या वर्षी कोणते चालले ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. आणि ग्रंथालयात जाऊन गेल्या तीन वर्षांचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प चाळा. शेवटची संदर्भसूची बघितली तरी पुरे. ती पान-दीड पान आणि सगळी इंटरनेटवरची असेल तर गाइडने वाचलेलंच नाही असं समजा.

प्रकल्पाला आता वजन आलंय. राज्यातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचं दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं आहे आणि दुसऱ्या वर्षी त्यातले दहा संशोधन प्रकल्पाचे. म्हणजे एका माणसाशी वर्षभर तुमची गाठ. छोट्या विभागात तो माणूस तुम्हाला नावाने ओळखतो, ही चैन आहे. आणि दांडी मारली तर संध्याकाळी तोच विचारतो, ही शिक्षा. अकरा जणांत लपायला जागा नसते. ज्यांना मागच्या बाकावर निवांत बसून दोन वर्षं काढायची आहेत, आणि शेजारी एमपीएससी करायची आहे, त्यांनी मोठ्याच विभागात जावं. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, पुण्यात अर्धे एमए तसेच होतात.

नोकरी. इथे घरच्यांचं ऐका, त्यांची भीती खोटी नाही. कॉलेजात मराठीच्या जागेची जाहिरात निघते तेव्हा एमए मराठी मागतात, भाषाशास्त्र नाही. भाषाशास्त्राची नेट वेगळी, आणि राज्यात त्याचे विभाग बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा प्राध्यापकच व्हायचं असेल तर भाषाशास्त्राचं दार अरुंद आहे. दुसरं दार भाषा-तंत्रज्ञानाचं. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ पासून पुण्यातच आहे, मैसूरला भारतीय भाषा संस्थान आहे, आणि आता कंपन्यांना बोलण्याचा आणि मजकुराचा डेटा नीट लावणारी माणसं लागतात. मी तेच करतो. पगार बरा, पण करार वर्षाचा. थोडं पायथन, म्हणजे प्रोग्रामिंग, शिकावं लागलं, ते एमएत कुणी शिकवलं नव्हतं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून जागा निघतील असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. निघाल्या की बघू.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? भाषाशास्त्र घेतलं असतं आणि मराठीचं एमए मुक्त विद्यापीठातून बाहेरून जोडलं असतं. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिलीय. फक्त बाहेरून करायचा अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण मान्यता यादीत आहे ना, ते स्वतः तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. आमच्यातल्या एकीने हे उशिरा केलं, पुढची दोन वर्षं वेगळी घालवून. आणि पहिल्या वर्षानंतर वाटलं की हे आपलं नाही, तर नव्या रचनेत पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मात्र तुम्हाला कादंबऱ्याच वाचायच्या असतील तर सरळ विद्यापीठ घ्या. जयकर ग्रंथालयात बसायला मिळतं, ‘कमवा व शिका’ योजना आहे, आणि चारशे एकरांत वेगवेगळ्या विषयांची मुलं भेटतात. येरवड्याला ती मजा नाही, संध्याकाळी सातनंतर झाडं आणि वटवाघळं.

कागदांचं एकच सांगतो. तुमचं बीए सोलापूर विद्यापीठाचं असणार, म्हणजे पुण्यात कुठेही गेलात तरी स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. माझं ते यायला दीड महिना लागला आणि तोवर मी वर्गात ‘तात्पुरता’ होतो, हजेरीपटावर पेन्सिलीने लिहिलेला.

एकदा येऊन तर बघा. सुट्टी नसलेला दिवस गाठा, आधी फोन करा आणि कोशाचा विभाग दाखवा म्हणून विनंती करा. संस्कृतच्या मोठ्या कोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे खणांत लावून ठेवल्यात. अण्णांनी एक खण ओढून बघितला आणि विचारलं, हे सगळं हाताने लिहिलंय? हो म्हटल्यावर ते डोनेशनचा प्रश्न विचारायचा विसरले.

रिक्षात बसल्यावर मात्र आधी येरवडा म्हणा, मग डेक्कन.