पैसे भरण्याआधी : परदेशी नोकरीच्या एजंटांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही अंकांत परदेशी नोकरी आणि व्हिसा यांवर आलेली पत्रं साठली होती. त्यांतली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात विचारलेला प्रकार सध्या सगळ्यात जास्त चालतो.

प्रश्न : धाकट्या भावाला कॅनडात ‘फूड सुपरवायझर’ची नोकरी लावून देतो, असं इथल्या एका कन्सल्टन्सीनं सांगितलंय. एकूण 14 लाख. त्यातले 3 लाख दिले. एलएमआयएची पीडीएफ, ऑफर लेटर आणि भावाचा फोटो असलेलं वर्क परमिटसुद्धा व्हॉट्सॲपवर आलं. उरलेले 11 लाख याच आठवड्यात मागतायत. ऑफिस चांगलं आहे, भिंतीवर सर्टिफिकिटं आहेत. भरावेत का? (वाचक, नाशिक)

उत्तर : भरू नका. तिसऱ्या कागदातच चोरी उघडी पडली आहे. भारतात बसलेल्या माणसाच्या हातात कॅनडाचं छापील वर्क परमिट येतच नाही. अर्ज मंजूर झाला की ‘लेटर ऑफ इंट्रोडक्शन’ नावाचं पत्र येतं आणि पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लागतं. परमिट मिळतं ते कॅनडात उतरल्यावर, तिथल्या सीमा अधिकाऱ्याकडून. म्हणजे नाशिकमध्ये व्हॉट्सॲपवर आलेलं ते परमिट कुठल्यातरी संगणकावर बनवलेलं आहे.

आता एलएमआयए. ‘या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही, बाहेरचा घ्यायला हरकत नाही’ असा कॅनडाच्या रोजगार खात्याचा हा अभिप्राय असतो. तो मालकानं मागायचा असतो. त्याचं शुल्क प्रत्येक जागेमागे 1,000 कॅनेडियन डॉलर. तेही मालकानंच भरायचं आणि कामगाराकडून वसूल करायचं नाही, असा नियम आहे. तेव्हा एलएमआयएची किंमत सांगणारा माणूस एकतर बनावट कागद विकतो किंवा खऱ्या मालकानं बेकायदा विकायला काढलेला खरा कागद. दुसरा प्रकार जास्त वाईट. कागद तपासला तर खरा निघतो, आपण निर्धास्त होतो, आणि तिकडे गेल्यावर हॉटेलला कुलूप असतं किंवा मालक दर महिन्याच्या पगारातले पैसे रोखीनं परत मागतो. शिवाय ‘एलएमआयए घेतलं की पीआरला 50 गुण’ हे पालुपद अजून ऐकू येतं. एक्स्प्रेस एंट्री या कायम वास्तव्याच्या (पीआरच्या) गुणपद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे ते गुण 25 मार्च 2025 पासून काढून टाकले आहेत. आजही कोणी ते सांगत असेल, तर त्याचं ज्ञान शिळं आहे किंवा दानत खोटी.

सरकारी खर्च किती, तेही बघा. वर्क परमिटचा अर्ज 155 डॉलर, बायोमेट्रिक 85 डॉलर. मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स धरले तरी हिशोब हजारांत राहतो. 14 लाखांतले बाकीचे पैसे कशाचे, हे त्यांना कागदावर लिहून मागा. लिहून देणार नाहीत.

भिंतीवरच्या सर्टिफिकिटांचं म्हणाल, तर फी घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा आणि अर्ज हाताळण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’च्या परवानाधारकांना आहे. कन्सल्टंटचा परवाना क्रमांक आर या अक्षरानं सुरू होतो आणि पुढे 6 अंक असतात. तो क्रमांक कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक यादीत तुम्ही स्वतः टाकून बघा. एजंटनं पाठवलेल्या लिंकवरून तिकडे जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. नाव सापडलं म्हणजे काम झालं असंही समजू नका. दुसऱ्याच कुणाचा खरा क्रमांक स्वतःच्या बोर्डावर लावायचा, ही या धंद्यातली नेहमीची युक्ती आहे. त्यामुळे यादीत दिलेल्या फोन किंवा ईमेलवरच संपर्क करायचा आणि सरळ विचारायचं : नाशिकचं हे ऑफिस तुमच्या वतीनं काम करतं का? माझ्या भावाच्या फाइलवर सही तुमची आहे का?

खरा प्रतिनिधी असेल तर ‘आयएमएम 5476’ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर त्याचं नाव, परवाना क्रमांक आणि तुमच्या भावाची सही असते. त्याची प्रत मागा. ‘आमचं नाव लावलं तर केस कमकुवत होते’ असं उत्तर मिळालं, तर उठून चालू लागा. नाव न लावता पडद्यामागून अर्ज भरणाऱ्याला तिकडे ‘घोस्ट’, म्हणजे भूत, कन्सल्टंट म्हणतात. अर्ज फेटाळला गेला की तो खरोखरच भुतासारखा नाहीसा होतो आणि खोट्या माहितीखाली सही तुमच्या भावाची राहते. खोटी माहिती सापडली तर कॅनडा 5 वर्षांची बंदी घालतं. ‘फॉर्म एजंटनं भरला, मी वाचला नाही’ ही सबब चालत नाही.

आणखी एक, फार लोक विसरतात ते. अर्जाच्या खात्यावर ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे? एजंटचा असेल, तर नकाराचं पत्र त्याच्याकडे जातं आणि तुमच्याकडे त्यानं बनवलेलं ‘मंजुरीपत्र’ येतं. आजच अर्ज क्रमांक मागा. वर्क परमिटच्या अर्जाचा क्रमांक डब्ल्यूनं सुरू होतो. तो मिळत नसेल तर बहुधा अर्जच झालेला नाही. त्या 3 लाखांचं काय करायचं, ते शेवटच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी आठवी पास, सुतारकाम करतो. दुबईला जायचंय. आमच्याकडचा एक जण 90 हजार मागतो. म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ. गावातले दोघे असेच गेले आणि लागले कामाला. (वाचक, चिपळूण)

उत्तर : दोघे गेले आणि लागले, हे खरं असेल. पण ज्यांचं बिनसलं ते गावात येऊन सांगत नाहीत.

दहावी पास नसल्यानं तुमच्या पासपोर्टवर बहुधा ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असेल. म्हणजे दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया धरून एकूण 18 देशांत नोकरीला जाताना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘इमायग्रेट’ पोर्टलवरून मंजुरी घ्यावी लागते. ही कटकट वाटते, पण तिच्यामुळे तुमचा करार, पगाराचा आकडा आणि मालकाचं नाव सरकारी नोंदीत राहतं. शिवाय प्रवासी भारतीय विमा मिळतो. त्याचा हप्ता 2 वर्षांना 275 रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर संरक्षण 10 लाखांचं. व्हिजिट व्हिसावर गेलात तर यातलं काहीच नाही. त्या व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे आणि मुदत उलटली की दंड दिवसागणिक चढतो. मालकालाही हे माहीत असतं. म्हणून सांगितलेला पगार 1,800 दिरहॅम असला आणि हातात 1,000 पडले, तरी तुम्ही तक्रार कुठे करणार?

आता पैशांचं. परवानाधारक भरती एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावीच लागते. 90 हजारांत आधीच तुमचं उत्तर आहे. परवाना क्रमांक ऑफिसात आणि जाहिरातीत लावणं त्याला बंधनकारक आहे. तो इमायग्रेटवर शोधा आणि परवाना चालू आहे, स्थगित आहे की रद्द झालाय, ते पाहा. पत्ताही ताडून बघा. परवाना मुंबईच्या ऑफिसचा आणि पैसे मागणारा चिपळूणच्या एसटी स्टँडसमोरचा ‘आमचा माणूस’, असं असेल तर तो सब-एजंट. मुंबईच्या परवान्यावर त्यानं पैसे गोळा करता येत नाहीत.

निघण्यापूर्वी कराराची एक प्रत घरी ठेवा, फोटो मोबाइलमध्ये घ्या. तिकडे पोचल्यावर दुसऱ्याच, अरबीतल्या कागदावर सही करायला सांगतात आणि पहिला करार गायब होतो, हा जुना प्रकार आहे. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800 11 3090 हा टोल-फ्री क्रमांक लावा.

प्रश्न : मुलीच्या मैत्रिणीला टेलिग्रामवरून थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी आली आहे. महिना 1 लाख, तिकीट कंपनीचं, इंटरव्ह्यू फोनवर दहा मिनिटं. एजंट पैसेसुद्धा मागत नाही. मग फसवणूक कसली? (वाचक, ठाणे)

उत्तर : इथे पैसे तुमच्याकडून घ्यायचेच नसतात, विकायचं असतं ते माणूस. बँकॉकला उतरवायचं, गाडीतून म्यानमारच्या सीमेवर म्यावाडीकडे न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कॉल सेंटरमध्ये बसवायचं. परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर 2022 मध्येच याचा इशारा दिला होता. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून 500 हून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं. कंबोडिया आणि लाओसच्या नावानंही हेच चालतं. पर्यटक म्हणून मिळणाऱ्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. जॉइनिंगआधी नोकरीचा व्हिसा भारतातल्या थाई दूतावासातून मिळणार का, एवढं एकच विचारायला सांगा.

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंट झालेल्या मुलाला क्रूझवर घ्यायला मडगावची एजन्सी 2 लाख ‘प्लेसमेंट फी’ मागते. एवढी असते का? (वाचक, मालवण)

उत्तर : शून्य असते. जहाजावर माणसं भरणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून फी घ्यायला तिला मनाई आहे. क्रूझवरचा वेटर किंवा शेफसुद्धा यात येतो. मुलाला स्वतःचा खर्च लागतो तो पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक), वैद्यकीय तपासणी आणि मान्यताप्राप्त संस्थेतल्या सुरक्षा कोर्सचा. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. फीला ‘ट्रेनिंग चार्ज’ किंवा ‘डिपॉझिट’ म्हटलं म्हणून ती फी राहत नाही असं नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी 3 लाख 40 हजार दिले. सहा महिन्यांनी ‘ग्रँट लेटर’ (व्हिसा मंजुरीचं पत्र) दिलं, ते खोटं निघालं. आता फोन उचलत नाहीत, पासपोर्टही त्यांच्याकडेच. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. करारात ‘व्हिसा न झाल्यास पैसे परत’ असं आहे. (वाचक, पुणे)

उत्तर : आधी करार पुन्हा वाचा. अशा करारांत बहुतेकदा खाली बारीक अक्षरांत ‘कन्सल्टेशन व फाइल प्रोसेसिंग शुल्क परत मिळणार नाही’ असं असतं आणि पावती नेमकी त्याच नावानं फाडलेली असते. पण तुमच्या बाबतीत बनावट ग्रँट लेटर दिलं गेलंय, त्यामुळे ही नुसती करारभंगाची गोष्ट उरलेली नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, शिवाय बनावट दस्तऐवजाची कलमं. ग्रँट लेटर खोटं असल्याचा पुरावा म्हणून ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या ‘व्हेवो’ या मोफत सेवेवर पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि लेटरवरचा ग्रँट क्रमांक टाका आणि जे उत्तर येईल त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या.

मग एकाच पानावर तारीखवार टिपण करा : कधी, किती, कोणत्या खात्यात, यूपीआय असेल तर 12 अंकी व्यवहार क्रमांक, कोणी काय सांगितलं. व्हॉट्सॲपचं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, रागाच्या भरात ब्लॉक किंवा डिलीट करू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 वर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सहा महिने उलटल्यावर खातं गोठवून फारसं हाती लागत नाही. व्यवहाराला तास-दोन तास झाले असतील तर मात्र हाच फोन सगळ्यात आधी करायचा. नाशिकच्या वाचकांनी तर आजच करावा.

पोलीस ठाण्यात तोंडी न सांगता लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. तरी गुन्हा नोंदवला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार तीच तक्रार टपालानं पोलीस आयुक्तांकडे पाठवा, ग्रामीण भागात असाल तर पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या एजन्सीनं नोकरीचंही आमिष दाखवलं असेल, तर विनापरवाना भरतीबद्दल इमायग्रेट पोर्टलवर वेगळी तक्रार करा.

पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो अडकवून ठेवायचा हक्क कोणत्याही एजंटला नाही. 7 दिवसांत परत करा, असं स्पीड पोस्टानं कळवा आणि ते पत्र तक्रारीला जोडा. मुदतीत आला नाही, तर ही सगळी हकीकत पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवा आणि नव्या पासपोर्टसाठी काय करायचं ते तिथेच विचारा. ‘हरवला’ म्हणून खोटा अर्ज मात्र करू नका. पुढच्या व्हिसा अर्जांत तो तपशील विचारला जाऊ शकतो.

आणि या महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला एक फोन येईल. ‘आम्ही अडकलेले पैसे सोडवून देतो, 10 टक्के आगाऊ द्या’ म्हणणाऱ्याचा. त्याला तुमचं नाव, रक्कम, एजन्सी सगळं माहीत असेल, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तो नंबरही तक्रारीला जोडा.