ब्राउनस्टोनचे पापुद्रे सुटत असतील तर

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं ब्राउनस्टोन दगडाचं घर पसंत आहे, पण दर्शनी दगडाचे पापुद्रे निघतायत आणि विकणारा म्हणतो सीलर (पाणी अडवणारा लेप) मारला की झालं, तर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यासाठी घर सोडू नका. सीलर मात्र मुळीच मारू नका.

असं घर मुळात विटांचं असतं. रस्त्याच्या बाजूला चार-सहा इंच दगड लावलेला असतो, तेवढाच. मजल्यांच्या तुळया सहसा शेजारच्या घरांलगतच्या विटांच्या भिंतींवर टेकतात. त्यामुळे पापुद्रे सुटले म्हणून मजले धोक्यात येत नाहीत.

ब्राउनस्टोन हा वाळूचा खडक आहे, लोहाच्या ऑक्साइडमुळे तपकिरी झालेला. एकोणिसाव्या शतकात तो कनेक्टिकटमधल्या पोर्टलंडच्या आणि न्यू जर्सीच्या खाणींतून न्यूयॉर्कला यायचा. आपला सह्याद्रीचा काळा दगड लाव्हा थिजून झालेला, त्याला असे थर नसतात. हा वहीच्या पानांसारखा थराथरांचा. खाणीत थर आडवे असतात आणि भिंतीतही तसेच आडवे ठेवायला हवेत. पण कमी दगडात मोठा पृष्ठभाग झाकायचा म्हणून पातळ फरश्या उभ्या लावल्या, थर रस्त्याला समांतर. त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि वरचं पान सुटतं. इतक्या देखण्या दगडावर हा अन्यायच झाला, असं मला मनापासून वाटतं.

सीलर किंवा रंग लावला की आत शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि दगड अधिक वेगाने सुटतो. आधी पाणी येतंय कुठून ते शोधा: वरची कॉर्निस (छताच्या कडेची पुढे आलेली पट्टी), पन्हळ, खिडक्यांचे उंबरे. पुढच्या पायऱ्या नीट तपासा, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ त्यांना खातं. लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथला दगड आतून सुटलेला आहे.

पोर्टलंडच्या मोठ्या खाणी 1930 च्या दशकात पुरात बुडाल्या, त्यामुळे मूळ दगड मिळणं अवघड. दुरुस्ती म्हणजे सुटलेला भाग पक्क्या दगडापर्यंत छिन्नीने काढून रंगीत गिलाव्याचे थर चढवणं. गिलावा दगडापेक्षा कडक नको, नाहीतर तो टिकतो आणि मागचा दगड भुसभुशीत होतो. ब्रुकलिन हाइट्ससारख्या वारसा विभागात घर असेल तर बाहेरच्या कामाला लँडमार्क्स प्रिझर्वेशन कमिशनची (शहराच्या वारसा जतन करणाऱ्या संस्थेची) परवानगी लागते. आणि कंत्राटदाराकडे नव्या कामाचे फोटो मागू नका, काही हिवाळे झेललेलं जुनं काम दाखवायला सांगा.