एका पायाला एवढे डॉक्टर कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. बाबांचं वय ६८, शुगर जुनी. फोंड्याकडे आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, तिथं ते अनवाणीच फिरतात, कितीही सांगा. उजव्या अंगठ्याखाली जखम झाली ती त्यांना कळलीच नाही, चादरीला डाग दिसला तेव्हा आईने पाय उचलून बघितला. आता हॉस्पिटलात शुगरचे डॉक्टर, सर्जन, रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, प्लास्टर घालणारे असे सगळे येऊन बघतात आणि म्हणतात आम्ही मिळून यावर रिसर्च करतोय, बाबांना त्यात घेऊ का, सही करा. एका जखमेला एवढे डॉक्टर कशाला? आणि बाबांवर प्रयोग करणार की काय? आई घाबरलीय.
— एक लेक, फोंडा

उत्तर: ताई, आईला सांगा, एवढे जण एका पायापाशी जमतायत ही चांगली गोष्ट आहे, बऱ्याच पेशंटना ती मिळत नाही आणि एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे चिठ्ठी घेऊन फिरण्यातच आठवडे जातात.

जखम एकच दिसते पण तिच्यामागे तीन-चार भानगडी असतात. नसा बधिर झाल्यात म्हणून लागलेलं कळत नाही. तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून बघितला असेल ना, तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, तेवढंही जाणवत नसेल तर त्या पायाची राखण आता डोळ्यांनीच करायची. मग रक्त. ते पोचत नसेल तर भारीतलं अँटिबायोटिकसुद्धा जखमेपर्यंत जात नाही, आणि यात एक खोच आहे, डायबेटिसमध्ये धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, त्यामुळे घोट्याला पट्टा बांधून घेतलेलं प्रेशर कधीकधी छान नॉर्मल येतं आणि खाली बोटांना रक्त नसतंच, म्हणून अंगठ्याचं वेगळं प्रेशर घ्यावं लागतं. बोट कापायचा विषय निघाला तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरनी आधी बघायलाच हवं. आणि चालताना जखमेवर भार पडत राहिला तर या सगळ्यांची मेहनत वाया, म्हणून जखमेवरचा भार उतरवणारे प्लास्टरवाले.

हे शहाणपण अनेकांनी एकत्र बसूनच आलंय. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात १९८१ मध्ये असं एकत्र फूट क्लिनिक सुरू झालं आणि काही वर्षांतच तिथले पाय कापायचे प्रसंग साधारण निम्म्यावर आले. १९९६ पासून जगभरचे तज्ज्ञ एका गटात काम करतात, दर चार वर्षांनी अशा पायाच्या उपचाराचे नियम सुधारतात, शेवटचे २०२३ चे. आणि प्लास्टरचं म्हणाल तर त्यात आपल्या तमिळनाडूतल्या वेल्लोरचा मोठा वाटा आहे. डॉ. पॉल ब्रँड तिथं कुष्ठरोग्यांवर काम करत होते, त्यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत, दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजतो. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तीच समज, तेच प्लास्टर डायबेटिसच्या पायाला लागू पडलं. कुष्ठरोगाचे डॉक्टर आणि शुगरचे डॉक्टर एकमेकांशी बोललेच नसते तर किती पाय गेले असते याचा मी खूपदा विचार करते.

गोव्यात तर असा रिसर्च व्हायलाच हवा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या पाहणीत डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आणि आपले पाय वेगळे आहेत हो, पावसाळाभर ओले, कुळागरात चिखलात, देवळात चप्पल बाहेर आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा, बधिर तळव्याला फोड आला तरी घरी येईपर्यंत पत्ता नाही. बुटातल्या पायांवर केलेला अभ्यास इथं जसाच्या तसा कसा चालेल? शिवाय भरलेली जखम वर्षाच्या आत शंभरातल्या साधारण चाळीस जणांना परत होते, ती कशी थांबवायची हा अजून सुटायचा प्रश्न आहे.

आता सही. घाई करू नका. माहितीचा कागद मराठीत किंवा कोंकणीत मागा, घरी न्या, आईला वाचून दाखवा. विचारा की नुसती माहिती आणि फोटो घेणार की नवीन औषध किंवा मलम देणार, नेहमीच्या उपचारापेक्षा जास्तीचं काय, त्यातून त्रास झाला तर खर्च कोणाचा, एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का. औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी नंबर असतो, तो मागा, राग येऊ दे कोणाला. बाबा शुद्धीवर आहेत तर सही त्यांची, तुमची नाही, आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, त्यावरून डॉक्टरांना बाबांचे उपचार थांबवता येत नाहीत. आणखी एक, रात्री ताप आला तर यातल्या नेमक्या कुठल्या डॉक्टरला फोन करायचा ते नाव-नंबर लिहून घ्या. मला विचाराल तर या उत्तरांनी समाधान झालं तर बाबांना जरूर घालावं.

प्रश्न: माझी शुगर बारा वर्षांची. डावं पाऊल सुजलंय, लाल आहे, हाताला गरम लागतं पण दुखत फारसं नाही. एक्सरे नॉर्मल आला. मुरगळला असेल म्हणून चालतेय.
— काणकोण

उत्तर: चालणं आज बंद करा. जखम नसताना असा गरम, सुजलेला, न दुखणारा पाय शार्को नावाच्या आजाराचा असू शकतो, यात हाडं आतून मोडत जातात आणि सुरुवातीला एक्सरेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो. अंगावर काढलात तर पायाची कमानच बसते. उद्या सकाळीच दाखवा, आणि तिथंही पायी नाही, गाडीने.