पवनचक्कीची पाती तयार करताना निघणारा कचरा कमी करता येतो का आणि त्याचा पुनर्वापर होतो का?

पवनचक्कीच्या जुन्या पात्यांचा पुनर्वापर होत नाही असे आपण वाचले आहे, आणि मग ती तयार होतानाच कारखान्यात निघणाऱ्या कचऱ्याचे काय होते, असे आपण विचारले आहे. मी पात्यांच्या उत्पादनात प्रक्रिया अभियंता म्हणून काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नाविषयी मला मनापासून आस्था आहे.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात कॅस्पर येथे जमिनीत पुरलेल्या पात्यांची छायाचित्रे अनेकांनी पाहिलेली असतात; कारखान्याच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारा कचरा मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. तो थोडाथोडका नाही. एलएम विंड पॉवर या मूळच्या डॅनिश कंपनीने २०३० पर्यंत शून्य-कचरा पाती बनवण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले, तेव्हा तिनेच सांगितले होते की पाती बनवणारा कारखाना जो माल विकत घेतो, त्यातील सुमारे २० ते २५ टक्के माल अंतिम पात्यात जातच नाही.

हा माल जातो कुठे, हे समजण्यासाठी पाते कसे घडते ते थोडक्यात पाहावे लागेल. साच्यात काचतंतूंच्या कोरड्या कापडाचे थर अंथरले जातात, मधल्या भागात बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे किंवा फोमचे तुकडे बसवले जातात, त्यावर पील प्लाय नावाचे सुटे निघणारे कापड, रेझिन (तंतूंना एकत्र बांधणारा, नंतर घट्ट होणारा द्रव) पसरवणारी जाळी, नळ्या आणि प्लास्टिकची फिल्म घालून कडेने चिकट पट्टीने सर्व हवाबंद केले जाते, आणि आतली हवा ओढून घेतली की तिच्या जागी रेझिन शिरते. रेझिन घट्ट झाल्यावर वरचे कापड, जाळी, नळ्या आणि फिल्म सोलून फेकून दिली जाते. पुढे दोन अर्धी कवचे चिकटवताना बाहेर आलेला भाग कापला जातो, मुळाशी छिद्रे पाडली जातात आणि पृष्ठभाग घासला जातो. त्यातून तुकडे आणि धूळ निघते.

या संपूर्ण साखळीत मला एकच रेषा महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे रेझिन घट्ट होण्याचा क्षण. इपॉक्सी (रेझिनचा एक प्रकार) आणि त्याला घट्ट करणारे हार्डनर यांची रासायनिक जोडणी एकदा पूर्ण झाली की ते मिश्रण तापवूनही पुन्हा वितळत नाही. त्या क्षणाआधी काचेचे कापड, फोम आणि लाकूड हे वेगवेगळे, स्वच्छ आणि किंमत असलेले पदार्थ असतात; त्यानंतर त्यांचा एकजीव झालेला गोळा उरतो, आणि त्याला विकत घेणारा शोधावा लागतो. म्हणून कारखान्यातील बहुतेक यश या रेषेच्या अलीकडेच मिळते.

कापडाचे तुकडे संगणकाच्या साहाय्याने एकमेकांत बसवून कापणे आणि आराखड्याला जुळेल अशाच रुंदीचे कापड मागवणे, हे सर्वांत स्वस्त उपाय आहेत. उरलेली कोरडी कतरण तेलकट किंवा चिकट कचऱ्यात मिसळू न देता वेगळी ठेवली, तर ती बारीक कापून प्लास्टिकमध्ये भर म्हणून वापरता येते. पीईटी या प्लास्टिकच्या फोमचे तुकडे दळून पुन्हा फोम बनवता येतो. हा फोम आज जुन्या बाटल्यांच्या पीईटीपासूनही तयार होतो. बाल्साची काटकसर तर अधिकच गरजेची आहे, कारण जगातील बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो आणि २०२० च्या सुमारास मागणी वाढल्यावर तेथील अॅमेझॉन खोऱ्यात, अगदी नद्यांतील बेटांवरही, बेसुमार तोड झाली.

रेझिनच्या बाबतीत बादलीत अंदाजाने मिश्रण करण्याऐवजी लागेल तेवढेच मिसळून देणारे यंत्र वापरणे हाच खरा उपाय आहे, कारण बादलीत उरलेले मिश्रण आपोआप तापून घट्ट होते आणि कायमचे वाया जाते. फेकून द्याव्या लागणाऱ्या फिल्मऐवजी काही भागांसाठी पुन्हापुन्हा वापरता येणारे सिलिकोनचे आवरण चालते, आणि फोमवरच खाचा पाडल्या तर वरची जाळी कमी लागते. तरीही या सगळ्यांपेक्षा मोठी बचत दोष टाळण्यात आहे: कापडाला पडलेली सुरकुती किंवा रेझिन न पोहोचलेला कोरडा डाग यामुळे एखादे कवच बाद झाले, तर कतरणीतून केलेली दीर्घकाळची बचत एका दिवसात बुडते. व्यवस्थापनाने शून्य-कचऱ्याचे फलक लावण्याआधी दोषांच्या नोंदवहीकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घट्ट झालेल्या कचऱ्यासाठी आज सर्वांत रुळलेला मार्ग सिमेंटच्या भट्टीचा आहे. तेथे रेझिन इंधन म्हणून जळते आणि काचेतील सिलिका, चुना व अॅल्युमिना सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळतात. जर्मनीत हे बरीच वर्षे चालू आहे, आणि भारतातही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत अशा तंतुमिश्रित प्लास्टिकसाठी हा मार्ग दिलेला आहे. जमिनीत पुरण्यापेक्षा तो निश्चितच बरा. परंतु तंतूची ताकद, जिच्यासाठी एवढी ऊर्जा खर्च झाली, ती त्यात पूर्णपणे नष्ट होते, हे मान्य केले पाहिजे. ऑक्सिजनविना तापवून रेझिन वेगळे करण्याच्या पद्धतीत काचतंतू कमकुवत होतात. महागड्या कार्बन तंतूंसाठी मात्र ती पद्धत परवडते.

म्हणूनच पुन्हा सुटे होऊ शकणाऱ्या रेझिनकडे मी आशेने पाहतो. पवनचक्क्या बनवणाऱ्या सीमेन्स गमेसा कंपनीने २०२१ मध्ये डेन्मार्कमधील आलबोर्ग येथे ८१ मीटर लांबीची अशी पाती बनवली आणि २०२२ मध्ये ती जर्मनीच्या समुद्रातील कास्कासी प्रकल्पात बसवली. त्यांतील रेझिन आदित्य बिर्ला समूहाचे असून सौम्य आम्लात ते तंतूंपासून वेगळे होते. फ्रान्समधील झेब्रा प्रकल्पाने आर्केमा या रसायन कंपनीचे थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवल्यावर पुन्हा मऊ होणारे, रेझिन वापरून २०२२ मध्ये ६२ मीटरचे पाते तयार केले.

या रेझिनचा लाभ पाती निवृत्त होतील तेव्हा, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी मिळेल असे सहसा सांगितले जाते. माझ्या मते तो आजच मिळू शकतो, कारण बाद झालेले भाग, कडांचे तुकडे आणि घट्ट झालेले रेझिन कारखान्यात रोज निघते. त्याचे रासायनिक घटक ठाऊक असतात, त्यावर रंग किंवा मीठ चढलेले नसते आणि ते समुद्रातून उतरवून आणावे लागत नाही. पुनर्प्रक्रियेच्या नव्या यंत्रणांना पहिला कच्चा माल इथूनच द्यायला हवा.