वाचकांचे प्रश्न : खडूनिर्मितीचा लघुउद्योग

प्रश्न : आमच्या घरामागे दोन खोल्या आणि पत्र्याची शेड मोकळी आहे. तेथे मी व माझी जाऊ मिळून शाळेचे खडू तयार करण्याचा विचार करीत आहोत. साचे विकणारे व्यापारी पहिल्या महिन्यापासून नफा मिळेल असे सांगतात. कृती, विक्री, परवाने व कर्ज यांविषयी मार्गदर्शन करावे.
— एक वाचक भगिनी, बार्शी तालुका, जि. सोलापूर

उत्तर : साच्यातून खडू पाडणे अवघड नाही, एवढ्यापुरते व्यापाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. हा धंदा अडतो तो वाळवणीपाशी आणि विक्रीपाशी, त्यामुळे उत्तराचा रोखही तिकडेच ठेवला आहे.

आपल्याकडचे शाळेचे खडू मुख्यतः प्लास्टर ऑफ पॅरिसचे असतात. राजस्थानात बिकानेर, नागौर या भागांत निघणारा जिप्सम तापवून त्यातील बरेचसे पाणी घालवले की ही भुकटी तयार होते आणि पाणी मिळताच ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. दमट हवेत पडून राहिलेल्या गोणीतील भुकटीचा हा गुण उतरतो, म्हणून माल घेताना वाटीभर भुकटी कालवून पाहावी. ती थोड्या वेळात घट्ट होऊन हाताला कोमट लागली पाहिजे. गारच राहून नखाने उकरली जात असेल, तर ती गोणी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

साच्यांना शेंगदाण्याचे तेल आणि रॉकेल यांचे मिश्रण पुसून घ्यावे. बादलीत आधी पाणी घेऊन त्यात भुकटी भुरभुरत सोडावी, पांढरेपणा खुलावा म्हणून किंचित नीळ घालावी आणि बुडबुडे येणार नाहीत अशा बेताने ढवळून घोळ लगेच साच्यात ओतावा. एका वेळी साच्यात मावेल तेवढाच घोळ कालवावा आणि बादली प्रत्येक वेळी खरवडून धुवावी, कारण तिला चिकटलेले जुने कण पुढचा घोळ अकाली आळवतात. हे धुवण मोरीत मात्र ओतू नये. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होते आणि नळी कायमची तुंबते. भुकटी हाताळताना नाकातोंडावर मास्क हवाच.

आता वाळवण. १०० किलो भुकटी घट्ट होण्यासाठी रासायनिकदृष्ट्या जेमतेम १९ लिटर पाणी लागते. परंतु घोळ ओतण्याजोगा पातळ व्हावा म्हणून सुमारे ७० लिटर घालावे लागते. म्हणजे साधारण २० हजार खडूंच्या पोटात ५० लिटर जादा पाणी राहते आणि ते हवेत उडून जाईपर्यंत तो माल विकता येत नाही. पाणी कमी केले तर खडू दगडासारखा होऊन फळ्यावर किरकिरतो, फार वाढवले तर हातात घेताच मोडतो; आपल्या भुकटीला मानवणारे प्रमाण लहान घाण्या करून ठरवावे आणि नंतर ते डोळ्याच्या अंदाजाने नव्हे, तर मापानेच पाळावे. सोलापूरचा उन्हाळा या कामी आपला मोठाच भागीदार आहे. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात माल पाडून, वाळवून, खोक्यांत भरून ठेवावा. याचा अर्थ असा की चार महिने पैसा मालात अडकतो, आणि पहिल्या महिन्याच्या नफ्याचे आश्वासन येथेच गळून पडते.

विक्रीबाबत स्पष्टच लिहितो. शहरांतील अनेक शाळांत पांढरे फळे व डिजिटल वर्ग आले असून तेथे खडूला गिऱ्हाईक उरलेले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, शिकवणी वर्ग आणि तालुक्याची स्टेशनरी दुकाने ही आपली बाजारपेठ. साचे घेण्यापूर्वी अशा दहा-पंधरा ठिकाणी जाऊन सध्या कोणता खडू येतो, काय भावाने येतो आणि उधारी किती दिवसांची असते, हे विचारून वहीत लिहून काढावे. शिंप्यांचे खडू व रांगोळीचे रंगीत खडू यांची जोड दिल्यास मंदीचे महिने निभावतात.

पाटीवरच्या लेखणीप्रमाणेच फळ्याचा खडूही वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. मात्र त्यामुळे कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्चातच धरावा. उद्यम नोंदणी ऑनलाइन व विनामूल्य होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. कर्जासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. या योजनेत ग्रामीण भागातील महिलेला स्वतःचे ५ टक्के भांडवल घालावे लागते आणि अनुदान ३५ टक्क्यांपर्यंत मिळते. मात्र ती रक्कम लगेच हाती येत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, हे हिशेबात घ्यावे.

प्रश्न : पावसाळ्यात खडू भट्टीत वाळवले तर चालतील का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : चालतील, पण आच मंद हवी. कपाटात खेळती हवा ठेवून तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसच्या आत राखावे. त्यापुढे तापवत नेल्यास जिप्सममधील बांधलेले पाणीही सुटू लागते आणि खडूची पुन्हा भुकटी होऊ पाहते. कोकणच्या हवेत नुसत्या पंख्याने काम भागणार नाही आणि जळणाचा खर्च धरल्यावर घाटावरून येणाऱ्या मालाशी भावात टिकणे कठीण जाईल. म्हणून जून ते सप्टेंबर उत्पादन बंद ठेवून केवळ विक्री करणे अधिक परवडेल. तयार खोकी जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावीत.