आंबोलीत पावसाळी रात्री झुडपातून ‘टिक्-टिक्’ करणारा छोटा तपकिरी बेडूक कुठला? बागेत तळं केलं तर येईल का?

तळ्याचं आधी सांगतो: नाही येणार. त्याला तळं लागतच नाही.

वर्णनावरून हा बहुधा बॉम्बे बुश फ्रॉग, म्हणजे राओर्चेस्टेस बॉम्बायेन्सिस. नाव मुंबईचं असलं तरी १९१९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेलने त्याचं वर्णन केलं ते कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. रंगावर फार विसंबू नका, तपकिरीच्या हव्या तेवढ्या छटा सापडतात. बोटं बघा. टोकाला चपट्या गोल चकत्या असतात आणि पुढच्या पायांच्या बोटांत पडदा नसतो. डोळ्यांच्या मधे गडद पट्टा, पाठीवर पाठमोऱ्या कंसांसारखी नक्षी. ती बऱ्याचदा पुसटच असते. नर ओरडताना गळ्याची पिशवी फुगवतो, तेव्हा बॅटरीच्या उजेडात ती आरपार दिसते.

राहतो सदाहरित, निमसदाहरित जंगलात आणि त्याच्या कडेच्या झुडपांत. नर साधारण गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, पानावर किंवा काटकीवर बसून ओरडतात.

आता तळं. ‘बेडूक वाचवायचेत? तळं खोदा’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. या गटातले बेडूक पाण्यात अंडी घालत नाहीत, ओलसर आडोशाला घालतात. डिंभकाची, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाची, सगळी अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतं ते चार पायांचं पिल्लू. तमिळनाडूतल्या कळक्कड-मुंडनथुराईच्या जंगलातला याचा भाईबंद, राओर्चेस्टेस कॅलाझोडेस, तर वेताएवढ्या बारीक बांबूच्या पोकळ पेरात फटीतून शिरून अंडी घालतो आणि नर तिथेच राखण करतो. पाण्याचा संबंध एवढाच, की अंडं वाळलं की मेलं. म्हणजे खरी गरज दमट हवेची, सावलीची, कुजत्या पाचोळ्याची. आणि तळं करताना लोक काय करतात? झुडपं तोडतात, पाचोळा झाडून जाळतात, हिरवळ लावतात, रात्रभर दिवे ठेवतात, वर डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडतात. जे होतं तेही गेलं. त्यापेक्षा जंगलाला लागून असलेला बागेचा एक कोपरा तसाच सोडा. स्थानिक झुडपं वाढू द्या, पाचोळा उचलू नका, फवारणी बंद आणि दिवा बंद.

शोधायचा असेल तर आवाजाच्या रोखाने जाऊ नका, कारण जवळ गेलात की तो गप्प होतो. दोघांनी पाच-सहा पावलांचं अंतर ठेवून उभं राहायचं, बॅटरी विझवायची. पुन्हा ओरडला की दोघांनी आपापल्या जागेवरून आवाजाकडे हात करायचा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथलं झुडूप मंद उजेडात पानागणिक बघायचं. हात लावायचा नाही. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, त्यामुळे तुमच्या हातावरचं डासांचं मलम थेट त्याच्या अंगात जातं. फोटोसाठी उचलून ‘छान’ पानावर ठेवणं म्हणजे त्याची ओरडण्याची जागा हिसकावणं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला डिवचणारे तर कपाळ बडवून घ्यायला लावतात.

एक मात्र कबूल, तळं सगळ्यांनाच निरुपयोगी नाही. आंबोलीतच मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो आणि डिंभक खाली पाण्यात पडतात. त्याच्यासाठी तळं चालेल, पण त्यावर फांद्या हव्यात आणि आत मासे नकोत.

आणि नुसत्या फोटोवरून मीही खात्रीने नाव सांगणार नाही. २००९ मध्ये वर्णन झालेला आंबोली बुश फ्रॉगही (स्यूडोफिलॉटस आंबोली) याच झुडपांत असतो. मोबाइलवर मिनिटभर आवाज घ्या, सोबत वेळ आणि तापमान लिहा, कारण गारठ्यात टिक्-टिक् संथ होते.